मध्यवस्तीतील नव्या प्रकल्पावरच्या नागरिक सभेत आपले म्हणणे कसे मांडावे

शहराच्या मध्यवस्तीत एखादी उंच इमारत किंवा मोठे व्यापारी संकुल उभे राहायचे असले, की मंजुरीपूर्वी बहुधा नागरिकांची सभा बोलावली जाते. या सभेचे मत सहसा कोणावर बंधनकारक नसते, म्हणून पुष्कळ लोक तिकडे फिरकत नाहीत, आणि जे जातात त्यांतील अनेक जण संताप व्यक्त करून परततात. मला हे दोन्ही चुकीचे वाटते. सभेत मांडलेली आणि लेखी दिलेली नेमकी हरकत प्रकल्पाच्या कागदपत्रांत राहते, आणि पुढे निर्णयाला आव्हान द्यायची वेळ आली तर बहुतेक वेळा तीच कामी येते. त्यामुळे सभेला जायचे ते प्रस्तावात एखादा ठरावीक बदल करून घेण्यासाठी, अशी तयारी करावी.

सूचना हाती आल्यावर दोन गोष्टी आधी शोधाव्यात. पहिली, प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे. संकल्पना चर्चेत असताना प्रवेशद्वाराची जागा बदलणे सोपे असते, तर तपशीलवार नकाशे तयार झाल्यावर त्याच बदलासाठी विकासकाला मोठा खर्च येतो आणि तो त्याला विरोध करतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रस्ताव सध्याच्या नियमांत बसतो की त्यासाठी सूट मागितली आहे. नियमांत बसणारा प्रकल्प केवळ लोकांना नको म्हणून नाकारणे यंत्रणेला फार अवघड असते. उंची, सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधली मोकळी जागा) किंवा वाहनतळ यांत सूट मागितली असेल, तर मात्र तिची गरज काय आणि तिच्या बदल्यात परिसराला काय मिळणार, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

नकाशे सभेच्या आधी मागून घ्यावेत आणि सावकाश वाचावेत. रंगीत दर्शनी चित्रावर विसंबू नये. त्यात झाडे पूर्ण वाढलेली असतात, रस्ता मोकळा असतो आणि इमारत बहुधा तिच्या सर्वांत अनुकूल कोनातून दिसते. भूखंडावर इमारत कोठे बसते ते दाखवणारा स्थळदर्शक नकाशा आणि इमारत वरून खाली कापल्यासारखी दाखवणारा उभा छेद हे दोन कागद खरी माहिती देतात. चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते याचा, हिशेब साधा आहे: २,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक ३ असेल तर ६,००० चौरस मीटर बांधकाम होईल, आणि इमारतीने निम्मी जागा व्यापली तर सारख्या आकाराचे ६ मजले होतील. निर्देशांकात न मोजले जाणारे वाहनतळाचे मजले यावर चढत असतील, तर प्रत्यक्ष उंची वेगळी निघते. म्हणून मजल्यांऐवजी जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये विचारावी.

सावलीचाही अंदाज घरी काढता येतो. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली इमारतीच्या उंचीएवढी पडते आणि ३० अंशांवर ती उंचीच्या सुमारे १.७ पट होते, म्हणजे ६० मीटरची इमारत त्या वेळी शंभर मीटरहून थोडी अधिक लांब सावली टाकते. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली पूर्ण झालेली इक्विटेबल बिल्डिंग ही उंच इमारत वरचे मजले मागे न घेता सरळसोट उभी राहिल्याने आजूबाजूचा उजेड अडला आणि त्यावर टीका झाली. १९१६ मध्ये त्या शहराने उंच इमारतींचे वरचे मजले रस्त्यापासून मागे घ्यायला लावणारे नियम केले. म्हणून वरचे मजले मागे सरकवण्याची मागणी कोणी अवास्तव म्हटली, तरी ती सोडू नये.

यानंतर प्रत्यक्ष जागेवर जावे, कारण तेथे रोज वावरणाऱ्याला जे ठाऊक असते ते सल्लागाराच्या अहवालात येईलच असे नाही. पदपथ टेपने मोजावा. कागदावर तो तीन मीटरचा असतो, पण विजेचा खांब, झाडाचे आळे आणि फलक वगळले की चालायला जेमतेम सव्वा मीटर उरतो, आणि चाकाच्या खुर्चीतील माणूस समोरून आला की दुसऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. मालवाहू गाड्यांचे प्रवेशद्वार कोणत्या गल्लीत आहे, तेथे ट्रक वळू शकतो की मागे घेत आणावा लागतो, आणि ती वेळ शाळा भरण्याची आहे का, हे पाहावे. तारीख, वेळ आणि मोजमापासह छायाचित्रे काढावीत.

सभेत प्रत्येकाला बहुधा दोन-तीन मिनिटे मिळतात. आपण कोठे राहतो किंवा काम करतो, अडचण कोणती आणि कोणता बदल हवा, एवढेच सांगावे. ‘वाहतूक वाढेल’ हे वाक्य सगळेच बोलतात. ‘मालाचे प्रवेशद्वार पूर्वेच्या गल्लीतून उत्तरेच्या रस्त्यावर न्यावे, कारण या गल्लीत ट्रक वळत नाही’ असे म्हटले की उत्तर द्यावेच लागते. शेजाऱ्यांनी मुद्दे आधीच वाटून घ्यावेत. एकाने सावली, दुसऱ्याने पाण्याचा निचरा, तिसऱ्याने पदपथ. भाडेकरू आणि भाड्याच्या गाळ्यातील दुकानदार अशा सभांना क्वचितच दिसतात, आणि मध्यवस्तीतून सर्वांत आधी हलावे लागते ते बहुधा त्यांनाच, म्हणून त्यांना सोबत आणणे ही आपली जबाबदारी मानावी.

बोलून झाल्यावर तेच म्हणणे मुदतीच्या आत लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. सभेचे इतिवृत्त मागवावे, आणि त्यात आपला मुद्दा चुकला असेल तर लगेच दुरुस्ती कळवावी. विकासकाने व्यासपीठावरून दिलेले आश्वासन मंजुरीच्या अटींत उतरले नाही तर पुढे त्याची अंमलबजावणी करून घेणे फार कठीण जाते. त्यामुळे ‘हे अटींत लिहिले जाईल का’ असे तिथल्या तिथे विचारावे. सुधारित नकाशे आले की जुन्या नकाशाची तारीख पाहून दोन्ही शेजारी ठेवावेत, आणि मागितलेला बदल रेषेत उतरला आहे का ते मोजपट्टी लावून तपासावे.