गच्चीवरच्या धुळीतून उल्काकण कसे शोधायचे

दसरा झाला की इंदुरात घरोघरी दिवाळीची आवराआवर निघते आणि गच्चीवरची वर्षभराची धूळ कचरागाडीत जाते. यंदा त्यातली दोन किलो धूळ बाजूला ठेवा. तिच्यात अवकाशातून आलेला एखादा कण असू शकतो.

शहरात असे कण सापडणं अशक्य, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. वेल्डिंग, कारखाने, गाड्या यांतून उडणारे लोखंडाचे गोल मणी इतके असतात की त्यांतून उल्काकण वेगळा काढणार कसा? म्हणून शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाचा बर्फ नाही तर खोल समुद्राचा तळ गाठायचे. नॉर्वेचे जॅझ गिटारवादक जॉन लार्सन यांनी मात्र हट्टानं छपरांच्या पन्हाळींतला गाळ धुऊन पाहिला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध २०१७ साली आला: ओस्लो, पॅरिस, बर्लिनच्या छपरांवरचा सुमारे ३०० किलो गाळ आणि त्यातून ५०० उल्काकण. अंटार्क्टिकातले कण हजारो वर्षं जुने असू शकतात. हे मात्र अगदी अलीकडे पडलेले.

०.१ मिमीहून मोठा साधारण एक कण दर चौरस मीटरवर वर्षाला पडतो. म्हणजे हजार फुटांच्या गच्चीवर नव्वदेक. त्यातले बहुतेक पावसाबरोबर वाहून जातात, तेव्हा पहिल्या खेपेला एकही मिळाला नाही तरी नवल नाही.

गच्ची निवडण्यातच निम्मं काम आहे. जिथे मुलं फुलबाज्या लावतात ती गच्ची सोडून द्या. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो. तो जळताना वितळून गोल होतो आणि उल्काकणांसारखाच चुंबकाला चिकटतो. शेजारी ग्रिल-गेटचं वेल्डिंग चालत असेल तर तीही नको. शाळेची किंवा ऑफिसची कुलूपबंद, सपाट, दोन-तीन वर्षं न झाडलेली गच्ची उत्तम. (स्वच्छतेत पहिला नंबर पटकावणाऱ्या शहरात अशी मिळणं जरा कठीणच.) पाऊस संपल्यावर आणि दिवाळीच्या आधी, पाणी जाणाऱ्या जाळीपाशी आणि उताराच्या कोपऱ्यात साचलेली माती घ्या. जड कण तिथेच अडकतात. कबुतरांची विष्ठा असेल तर मास्क लावा आणि माती किंचित ओली करूनच उचला; ती धूळ फुप्फुसांत जाता कामा नये.

बादलीत माती, भरपूर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. जोरात ढवळा, दहा सेकंद थांबा, वरचं गढूळ पाणी ओता. पाणी नितळ येईपर्यंत, म्हणजे आठ-दहा वेळा, हेच करा. धुण्यात कंटाळा केला तर चिकणमातीचा थर कणांवर राहतो आणि पुढे सगळेच कण सारखे दिसतात. घाईनं ओतलंत तर बारीक कण पाण्याबरोबर जातील. उरलेला गाळ स्टीलच्या थाळीत उन्हात पूर्ण वाळवा. ओल राहिली तर चाळताना गोळे होतात.

आता चाळण. हार्डवेअरच्या दुकानात स्टीलची जाळी नंबरावर मिळते. ४० नंबरच्या जाळीतून साधारण ०.४ मिमीपर्यंतचे कण खाली पडतात, १०० नंबरच्या जाळीवर ०.१५ मिमीच्या वरचे राहतात. या दोहोंच्या मधला माल आपला. पाइपच्या तुकड्यावर जाळी ताणून बसवली की झाली चाळणी.

निओडिमियम चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मालावरून अगदी जवळून फिरवा. कण चिकटले की पिशवी कोऱ्या कागदावर धरून चुंबक आतून काढून घ्या. कण आपोआप गळतील. पिशवी विसरलात तर तो चुंबक पुन्हा कधी स्वच्छ होणार नाही.

खरी परीक्षा मायक्रोस्कोपखाली. यूएसबीवाला चालतो, पण उजेड बाजूनं पाडा. आपल्याला हवा असलेला कण साधारण ०.३ मिमीचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आरशासारखा गुळगुळीत, चकचकीत, भोक असलेला गोळा दिसला की भुलू नका. तो बहुधा वेल्डिंगचा. उल्काकण सेकंदाला बारा किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं हवेत शिरतो, वितळतो आणि काही सेकंदांत थिजतो. त्या घाईत ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक समांतर पट्ट्यांत गोठतात. म्हणून पृष्ठभागावर सुरीनं खाचा पाडल्यासारख्या रेषा, नाही तर कासवाच्या पाठीसारखी नक्षी दिसते. रंग काळा-करडा, आकार किंचित लांबट. काहींच्या टोकाला निकेल-लोखंडाचा चमकता ठिपका असतो: कण हवेत मंदावताना आतला जड धातू पुढे सरकतो.

असा कण ओल्या टाचणीच्या टोकानं उचला. चिमट्यानं धराल तर टुणकन उडेल. शेवटचा निकाल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचाच. तिथल्या रासायनिक तपासणीत मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह मुख्य दिसायला हवेत. मँगनीज किंवा टायटॅनियम भरपूर निघालं तर कण इथलाच. तपासणीला पाठवण्याआधी फोटो काढा आणि डबीवर गच्ची, तारीख, मातीचं वजन लिहा. दोन गच्च्यांची माती एकाच बादलीत धुवायची नाही, आणि दुसरी धुण्याआधी जाळ्या टूथब्रशनं घासून घ्यायच्या.