प्रस्ताव दिल्लीला जाण्याआधी कुलसचिवांच्या टेबलावर पोहोचवा

संशोधन प्रकल्पाची जाहिरात निघाली की आपण प्राध्यापक मंडळी थेट विषयाला भिडतो. माझं म्हणणं, आधी कॅलेंडर काढा. शेवटची तारीख 30 असेल तर तुमची तारीख 20. मधले दहा दिवस सह्यांचे. त्यात दिवाळीची सुट्टी, दीक्षान्त समारंभ किंवा मार्चअखेर येत असेल तर आणखी मागे सरका.

मग जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (2023 च्या कायद्याने आलेलं, जुनं सर्ब, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता त्यातच गेलं), जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाची परिषद), निधी देणाऱ्या प्रत्येकाचा अर्जाचा नमुना वेगळा असतो. वयाची अट आहे का, नेमणूक कायम हवी का, कॉलेज यूजीसीच्या 2(एफ) (मान्यता) आणि 12(बी) (केंद्रीय अनुदानाची पात्रता) या कलमांखाली लागतं का, हे पहिल्याच दिवशी बघा.

लिहायला घेताना पहिल्यांदा एक पानाचा सारांश तयार करा आणि दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. तुम्ही नेमकं काय करणार हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, तर पान पुन्हा लिहा. उद्दिष्टं तीन-चार पुरेत. प्रत्येक उद्दिष्टासमोर पद्धत, महिने आणि कोण करणार हे लिहिलं की परीक्षकाचे निम्मे प्रश्न मिटतात.

अंदाजपत्रकात मात्र घाई नको. तीन वर्षांसाठी एक जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्र) धरलात, तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ संशोधन छात्र) म्हणून 42,000, म्हणजे 13,92,000 रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. अनेकजण 37,000 ला 36 ने गुणून मोकळे होतात आणि तिसऱ्या वर्षी रडतात. उपकरणाचं ताजं कोटेशन जोडा, जीएसटी धरा. ‘आवश्यक आहे’ एवढंच कारण देऊ नका. विभागात असलेलं यंत्र का पुरत नाही ते लिहा.

काम माणसांवर, प्राण्यांवर किंवा जनुकीय बदलांचं असेल तर त्या त्या समितीची मान्यता लागते. या समित्या रोज बसत नाहीत. बैठकीची तारीख आधी विचारा, अर्ज मग भरा.

आता खरी चढण: संस्थेचं हमीपत्र. विभागप्रमुखांमार्फत एक पानाची टिपणी वर पाठवा. निधी कोणाचा, रक्कम किती, किती वर्षं, विद्यापीठाने जागा आणि वीज सोडून काय द्यायचं. ‘विद्यापीठ निधीतून कोणताही खर्च नाही’ हे खरं असेल तर ठळक लिहा. वित्त व लेखा अधिकारी आधी तेच शोधतात. हमीपत्राचा मजकूर निधी देणाऱ्या संस्थेने दिलेलाच ठेवा, भाषा सुधारायला जाऊ नका. लेटरहेड, सही, शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक, पाचही बघून घ्या. माझा एक प्रस्ताव टिपणीतली बेरीज आणि फॉर्ममधली बेरीज जुळेना म्हणून चार दिवस अडकला. चूक माझीच होती. ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च) एका ठिकाणी धरला होता, दुसरीकडे विसरलो. फाइल घेऊन स्वतः जात जा. आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्यांना ती आज कुठे आहे हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पोर्टलवर नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा, सहसंशोधकालाही करायला लावा. पीडीएफच्या आकाराला मर्यादा असते, त्यामुळे स्कॅन हलके ठेवा. शेवटच्या संध्याकाळी सगळा देश तेच बटण दाबत असतो. दोन दिवस आधी दाबा. सबमिट झाल्यावर पोचपावती उतरवून घ्या आणि एक प्रत वित्त विभागातही द्या. मंजुरीपत्र यायला महिने जातात, आणि खातं उघडायची वेळ आली की तिथला लिपिक आधी पोचपावतीवरचा क्रमांकच मागतो.