गुन्हेगारीशास्त्र शिकायला कोल्हापूरला येणाऱ्यांसाठी

मी मराठवाड्यातल्या जिंतूरची. २०१२ च्या जूनमध्ये एक ट्रंक, एक गादी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले, ती इथलीच झाले. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला, आता इथंच जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. दर जूनमध्ये गावाकडून कुणाचातरी फोन येतो, "ताई, आमची पोरगी यायलीय तिकडं. गुन्हेगारीशास्त्र घ्यायचं म्हणतीय. जरा बघा." बघते. पण तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

आधी खोली. कोल्हापुरात खोली बघताना भाडं दुसऱ्या नंबरला विचारा. पहिला प्रश्न हा की २०१९ च्या महापुरात इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं. हे घरमालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. घरमालक म्हणतो, "छे छे, इकडं नाही येत." दुकानदार उठून भिंतीवरची खूण दाखवतो. मी तेव्हा व्हीनस कॉर्नरजवळ राहत होते आणि घरमालकाच्या शब्दावर राहत होते. पुस्तकांचे दोन खोके गेले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली होती. जुलै-ऑगस्टमध्ये इथं लोक एकमेकांना जेवलास का विचारायच्या आधी "किती फूट झालं?" विचारतात. शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा नदीकडचा भाग इथं घ्यायचंच असेल तर वरचा मजला घ्या. विद्यापीठाच्या बाजूला, सागरमाळ, राजारामपुरीचा वरचा भाग, तिकडं ही भीती नाही.

घरमालक आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो मागेल, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची म्हणून. द्या. आडनावही विचारेल. त्याबद्दल पुढं सांगते.

जेवणाचं फार लिहीत नाही. खानावळ महिन्याची लावण्याआधी आठ दिवस रोख पैसे देऊन जेवून बघा. बुधवार-रविवार तांबडा-पांढरा रस्सा असतो, आणि आपल्याकडच्या तिखटावर तुमचा गर्व असेल तर तो इथं पहिल्या आठवड्यात उतरतो.

भाषा मात्र सांगायला हवी. माझी रूम पार्टनर इचलकरंजीची. पहिल्याच संध्याकाळी दारातून ओरडली, "आलो गं मी!" मी मागं बघितलं, कोण पोरगा आला म्हणून. इथल्या पोरी 'मी जातो, मी खातो' असंच बोलतात. आपण 'करायलाव, बोलायलाव' म्हटलं की त्या हसतात, मग दोन वर्षांनी आपण गावाकडं जाऊन 'आलो की' म्हणतो आणि आई हसते. दुसरं म्हणजे शिव्या. इथं जिवलग मित्राला हाक मारताना जी शिवी देतात, ती जिंतूरच्या बाजारात दिली तर डोकी फुटतील. सुरुवातीला मी घाबरून जायची. पुढं वर्गात विचलन, म्हणजे समाजाच्या नियमाबाहेरचं वागणं, शिकवताना सरांनी हेच उदाहरण घेतलं. शब्द तोच, इथं माया आणि तिथं भांडण. मग चुकीचं वागणं त्या वागण्यात आहे की बघणाऱ्यांच्या ठरवण्यात? पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरतो.

आता विषय. सगळ्यात आधी डोक्यातून टीव्हीवरची ती गुन्हे तपासाची मालिका काढा. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, विषाची तपासणी हे न्यायसहायक विज्ञान. त्याची प्रादेशिक प्रयोगशाळा कोल्हापुरात आहे, पण तिथं रसायनशास्त्र-जीवशास्त्रवाले लागतात. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुन्हा का होतो, कुणाच्या हातून होतो, कुठल्या गोष्टीला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं आणि शिक्षेनं काय होतं, याचा अभ्यास. समाजशास्त्रातून आलात काय किंवा कायद्यातून, पहिल्या वर्षी नावं तीच येतात. बेकारिया १७६४ साली म्हणून गेला की शिक्षा किती कठोर यापेक्षा ती किती नक्की मिळते यानं गुन्हा थांबतो. लोंब्रोसोनं १८७६ ला पुस्तक काढलं, त्यात जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखू येतो असा दावा. तो दावा शास्त्रानं कधीच टाकून दिला, पण चहाच्या गाड्यावर अजून चालू आहे: "तोंडावरनंच कळतंय की भावा." मग सदरलंड (पांढरपेशांचे गुन्हे), मर्टन (ध्येय आहे पण वाट नाही, त्यातून येणारा ताण), बेकर (समाज मारतो तो गुन्हेगाराचा शिक्का). पाठ करू नका, प्रत्येकाला एक उदाहरण इथल्या रस्त्यावरचं शोधा, परीक्षेत आपोआप आठवतं.

माझं उदाहरण महागात पडलं. पहिल्याच नवरात्रात महाद्वार रोडवर गर्दीत माझा मोबाईल गेला. खांद्यावर शबनम पिशवी, तिची चेन अर्धी उघडी, मैत्रीण देवीच्या दर्शनाची रांग बघतेय, मी बांगड्या. एका ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारकाकांनी पाणी दिलं, चौकशी केली, वागणं अगदी बापासारखं. आणि लिहून दिलं ते 'मोबाईल गहाळ' असा दाखला. मी म्हटलं, काका, गहाळ नाही, चोरला. तर म्हणाले, "बाळ, बघितलंस का कुणाला घेताना? नाही ना? मग गहाळ. सिमकार्ड मिळंल याच्यावर." मलाही सिमकार्डच हवं होतं. दाखला घेऊन आले.

दोन महिन्यांनी वर्गात सरांनी विचारलं, कुणाकुणाचं काही चोरीला गेलंय? निम्म्याहून जास्त हात वर. एफआयआर कुणाकुणाचा झाला? वर्गात शांतता. फळ्यावर त्यांनी लिहिलं: गुन्ह्यांचा काळा आकडा. म्हणजे घडलेले, पण नोंदीत न आलेले गुन्हे. देशाच्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासूनचा आहे, आता तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो, आणि तुम्ही प्रत्येक निबंधात त्यातले आकडे टाकणार आहात. टाका. पण तो आकडा ठाण्यात काय लिहिलं गेलं याचा आहे. माझी चोरी त्यात नाही. म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढलेले दिसले की दोन शक्यता धरायच्या: गुन्हे वाढले, किंवा नोंद करणारे बरे आले.

त्याच गर्दीवर सरांनी १९७९ चा कोहेन आणि फेल्सन यांचा सिद्धांतही शिकवला. चोरी करायला तयार माणूस, हाताला येईल अशी वस्तू आणि लक्ष ठेवणारं कुणी नसणं, हे तिन्ही एका जागी एका वेळी जुळले की गुन्हा. माझी अर्धी उघडी चेन त्यात चपखल बसली. तर नवरात्रात शबनम पुढं घ्या. आणि चोरी झालीच तर अर्जावर 'चोरी' हाच शब्द लिहा, पोच घ्या. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही आणि माहिती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करायला जावं लागतं.

यावरून आठवलं, सीनियरच्या जुन्या नोट्स घेताना सांभाळा. १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली. खून ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३. चोरी ३७९ नाही, ३०३. चारशेवीस आता ३१८. कोर्टात जुनी प्रकरणं जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळं दोन्ही माहिती हवीत, पण उत्तरपत्रिकेत गल्लत नको.

आडनावाचं म्हटलं होतं. माझ्याबरोबर खोल्या बघत फिरणारी एक मैत्रीण होती, धाराशिवकडची, पारधी समाजाची. तिच्या दाखल्यावर जात दिसली की खोली 'कालच गेलेली' असायची. एका घरात तर बाईंनी आम्हाला चहा दिला, पंख्याचा वेग दाखवला, चावी हातात दिली, झेरॉक्स वाचली आणि चावी परत मागितली. मैत्रीण काही बोलली नाही. पुढं वर्गात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवून नोंदवहीत घातल्या, पोलिसांपुढं हजेरी लावली. तो रद्द झाला १९५२ ला. तेव्हापासून त्यांना विमुक्त म्हणतात. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना काम आणि राहायला जागा दिली. त्या तासाला माझी मैत्रीण पहिल्यांदा हात वर करून बोलली. चावीची गोष्ट सांगितली. बेकरचा शिक्का मारण्याचा सिद्धांत मला पुस्तकातून नाही, तिथं कळला.

खोली तिला शेवटी एका बोर्डिंगात मिळाली. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला लावली, त्यातली कितीतरी दसरा चौकाच्या आसपास अजून चालू आहेत. पैशांची किंवा आडनावाची अडचण असेल तर दलालाच्या आधी तिथं चौकशी करा. पुस्तकांसाठी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आणि गावात करवीर नगर वाचन मंदिर, जे १८५० पासून आहे. मराठी माध्यमातून आलात तर पहिले दोन महिने इंग्रजी शब्द अंगावर येतात. मी एका वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि उजवीकडं माझ्या भाषेत अर्थ असं लिहीत गेले. ती वही माझ्या ऑफिसात अजून आहे आणि दर वर्षी कुणीतरी नेऊन झेरॉक्स काढतं.

काय शिकता असं रिक्षावाल्याला सांगितलंत की लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित मायलेकींची गोष्ट सुरू होईल. ऐका, कोल्हापूरकर गोष्ट सांगतात झकास. १९९६ ला कसं पकडलं ते प्रत्येकाच्या चुलत्यानं बघितलेलं असतं. पण मला तिघांनी तरी "फाशी झाली की त्यांना" असं छातीठोक सांगितलंय. झाली नाही. सत्र न्यायालयानं २००१ ला त्यातल्या दोन्ही बहिणींना फाशी सुनावली, आणि दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला झालेल्या उशिरामुळं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. दंडशास्त्राच्या, म्हणजे शिक्षेच्या अभ्यासाच्या, पेपरला हा मधला काळ लागतो, पकडल्याची गोष्ट नाही.

कळंब्याच्या कारागृहात आपलं आपण जाऊन उभं राहू नका. विभागानं परवानगी काढली की सगळ्यांबरोबर जा. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ तिथल्या कैद्यांनी वळलेत, हे ऐकून बरं वाटतं, पण तिथं गेल्यावर लाडवांपेक्षा कच्चे कैदी किती ते विचारा. देशातल्या तुरुंगांत दर चौघांतले साधारण तिघे अजून दोषी ठरलेलेच नाहीत.

न्यायालयात मात्र कधीही जाता येतं, आणि पहिल्या वर्षाची पोरं नेमकी तिथंच जात नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय, सगळ्यांना तिकडंच फोटो काढायचाय. तुम्ही आधी कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात या. मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं, साहेब आले की उठायचं. पुकारा होतो, आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. असं सात-आठ वेळा झालं की कंटाळा येईल. उठू नका. एखादा पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, पिंजऱ्यात येतो आणि म्हणतो, सही माझी आहे पण मुद्देमाल माझ्यासमोर जप्त केला नाही. फितूर. सरकारी वकील चष्मा काढून पुसतात. त्या वेळी कोण कुणाकडं बघतं ते वहीत लिहा. ठेवीदारांना बुडवल्याच्या खटल्यातले आरोपी कुठल्या गाडीतून येतात आणि सायकल चोरीतले कशातून, तेही लिहा, सदरलंड समजायला मदत होते.

काम अकराच्या सुमारास सुरू होतं. विद्यापीठाकडून केएमटीच्या सिटी बसनं येताना गाडी बदलावी लागते, म्हणून दहाच्या आत निघा. डबा बरोबर घ्या, कँटीनमध्ये दुपारी दीडला वडा मिळत नाही.