नळजोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवताना

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि उरलेले पाणी सखल भागाकडे ओढले गेल्याने उंचावरच्या भागात वाहिनी हवा व पाणी शोषून घेऊ लागते. अशा वेळी बादलीत बुडवून ठेवलेल्या रबरी नळीतील किंवा टाकीत बुडालेल्या पाइपातील पाणी उलटे फिरून सार्वजनिक वाहिनीत शिरू शकते आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या हंड्यात उतरते.

यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही), म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवायचा खरा, परंतु त्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहावे. टाकी भरून वाहू लागेल तेव्हाची पाणीपातळी आणि नळाच्या पाइपाचे तोंड यांत पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट मोकळे अंतर असले पाहिजे. म्हणजे 15 मिलिमीटरच्या जोडणीला 30 मिलिमीटर. पाणी पडण्याचा आवाज नको म्हणून बॉल कॉकला (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाला) खाली पाइपाचा तुकडा जोडण्याची आपल्याकडे सवय आहे, तो तुकडा काढून टाकावा. हवेचे अंतर कधी अडकत नाही आणि झिजत नाही. व्हॉल्व्ह दोन्ही करतो.

मुख्य वाहिनीवरील फेरुलपासून (जिथून घराची जोडणी निघते त्या तुकड्यापासून) मीटरपर्यंतच्या भागाला हात लावू नये व मीटरचे सील तोडू नये. व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे, घराच्या बाजूस आणि पहिल्या फाट्याच्या अलीकडे बसवावा, आणि हे काम पालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. निवड करताना आयएस 778 मानकाचा, गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा), झडपेचा व्हॉल्व्ह मागावा; यात पाण्याच्या रेट्याने उघडणारी झडप पाणी मागे फिरताच मिटते. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह कोणत्याही दिशेने बसतो, मात्र स्प्रिंग दाबण्यातच थोडा दाब खर्ची पडतो, आणि जिथे नळाला मुळातच करंगळीएवढी धार येते तिथे ते परवडत नाही. झडपेचा व्हॉल्व्ह आडव्या पाइपावर टोपी वर ठेवून, किंवा पाणी खालून वर चढत असेल अशा उभ्या पाइपावरच बसवावा. वरून खाली येणाऱ्या पाइपावर झडप मिटत नाही. व्हॉल्व्हच्या अंगावरील बाण मीटरकडून घराकडे असल्याची खात्री करूनच पाना लावावा.

मीटर व व्हॉल्व्ह यांच्या मध्ये पाणी बंद करण्यासाठी एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्यानंतर तपासणीसाठी एक छोटा नळ ठेवावा, तर व्हॉल्व्हच्या पुढे युनियन (खोलता येणारा जोड) द्यावे, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी पाइप कापावा लागत नाही. पाइप कापल्यावर आतला कीस काढून वाहिनी धुऊन घ्यावी. टेफ्लॉन टेप किंवा सफेदा लावलेले सूत आट्यांवरच गुंडाळावे व पहिला आटा मोकळा सोडावा, कारण आत लोंबणारा सुताचा एक धागा झडपेखाली अडकला तरी सगळी मेहनत वाया जाते. आवळताना पाना व्हॉल्व्हच्या पोटावर न लावता, ज्या बाजूचा पाइप बसवायचा त्याच बाजूच्या षटकोनी कडेवर धरावा.

गच्चीवरील टाकीकडे पाइप थेट चढत असेल तर तपासणी सोपी आहे. पाणी येत असताना मीटरलगतचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून तपासणीचा नळ उघडावा. सुरुवातीला थोडे पाणी येईल. ते थांबले तर झडप बसली, आणि धार चालूच राहिली तर चढत्या पाइपातील पाणी मागे येत आहे. अशा वेळी टोपी उघडून झडपेची बैठक पुसावी. बहुधा वाळूचा कण सापडतो. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊन गेल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

या जोडणीवर थेट गीझर असेल तर त्याला दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह हवाच, कारण तापून फुगलेल्या पाण्याला आता मागे जायला वाट उरत नाही. बोअरवेलचा पाइप पालिकेच्या पाइपाला जोडून मध्ये एनआरव्ही टाकण्याची युक्ती मात्र कोणी सुचवली तरी मान्य करू नये; दोन्ही पाइप टाकीत वेगवेगळे आणि पाणीपातळीच्या वर सोडावेत.