कंटेनरमधून आलेल्या ऑब्जेक्टला सजेशन का येत नाही?

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या टीममध्ये पावसाळ्याच्या सुमारास नवी मुलं रुजू होतात. कॉलेजात त्यांनी पीएचपी लिहिलेलं असतं, पण तिथे ऑब्जेक्ट हवा की स्वतःच 'न्यू' करायचा अशी सवय. इथे सगळे ऑब्जेक्ट डिपेंडन्सी इंजेक्शनच्या कंटेनरकडून येतात, म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बनवून बाहेरून पुरवणाऱ्या भागाकडून. मग कोणीतरी हाक मारतंच, "ताई, ऑब्जेक्टपुढे ॲरो (->) टाकला तरी एकही मेथड दिसत नाही. एडिटर बिघडलाय का?"

एडिटर बिघडलेला नसतो. तो तुमचा कोड चालवत नाही, फक्त वाचतो. कंटेनर मात्र काय द्यायचं ते कोड चालू असताना ठरवतो. पीएचपीच्या कंटेनरांसाठी २०१७ पासून पीएसआर-११ हा सामाईक इंटरफेस आहे. त्यातली 'गेट' मेथड एक स्ट्रिंग घेते आणि काहीही परत देऊ शकते. तुम्ही 'मेलर' या नावाने काही मागितलंत, तर आत कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. जे वाचून कळत नाही ते एडिटर सुचवणार कसं?

म्हणून उपाय सेटिंग्जमध्ये शोधण्याआधी कोडमध्ये शोधा. क्लासला जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमध्ये टाइपसकट मागा. पीएचपी ८.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून, प्रॉपर्टी जाहीर करणं आणि तिच्यात किंमत भरणं कन्स्ट्रक्टरच्या त्याच ओळीत होतं. लाराव्हेल आणि सिम्फनी ही दोन्ही पीएचपी फ्रेमवर्क तो टाइप वाचून योग्य ऑब्जेक्ट आणून देतात. यालाच ऑटोवायरिंग म्हणतात. एडिटरही तोच टाइप वाचतो, त्यामुळे मेथडची यादी लगेच उघडते. सिम्फनीत कुठले टाइप मागता येतात ते 'डीबग:ऑटोवायरिंग' ही कमांड दाखवते. प्रोजेक्ट हातात आला की ती एकदा चालवाच.

इथे एक शंका हमखास येते. टाइप म्हणून इंटरफेस लिहिला की यादीत फक्त इंटरफेसच्याच मेथड दिसतात, खऱ्या क्लासमधल्या जास्तीच्या दिसत नाहीत. हे बरोबरच आहे. त्या मेथडवर तुम्ही विसंबू नये, म्हणूनच तर इंटरफेस ठेवलाय. खरा क्लास वाचायचा असेल तर व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-एफ१२ आणि पीएचपीस्टॉर्ममध्ये कंट्रोल-ऑल्ट-बी दाबा. यादी लांब व्हावी म्हणून टाइप बदलू नका.

खरी मेहनत जुन्या कोडमध्ये आहे, आणि मुंबईत सर्व्हिस कंपनीत लागलात तर बहुधा जुनाच कोड वाट्याला येईल. तिथे जागोजागी कंटेनरला हाक मारलेली असते. सगळं पहिल्याच महिन्यात बदलायला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. अशा वेळी एडिटरला बाहेरून माहिती देता येते. पीएचपीस्टॉर्मसाठी प्रोजेक्टच्या मुळाशी 'डॉट पीएचपीस्टॉर्म डॉट मेटा डॉट पीएचपी' नावाची फाइल ठेवायची. तिच्यात 'ओव्हरराइड' आणि 'मॅप' वापरून सांगायचं की 'गेट'ला जे क्लासचं नाव दिलंय त्याच टाइपचा ऑब्जेक्ट परत येतो; 'मेलर'सारख्या कीसाठी तिचा क्लास वेगळा नोंदवायचा. कंटेनर तुमच्या टीमनेच लिहिलेला असेल तर डॉकब्लॉकमध्ये, म्हणजे मेथडच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये, टेम्प्लेट आणि क्लास-स्ट्रिंग लिहा; 'ज्या क्लासचं नाव दिलं त्याचाच ऑब्जेक्ट मिळेल' असं त्यातून सांगता येतं. ते पीएचपीस्टॅन आणि साम या तपासणीच्या टूल्सनाही कळतं, म्हणून मला तो मार्ग जास्त आवडतो.

ओळीच्या डोक्यावर 'ॲट-व्हार' कॉमेंट लिहून टाइप सांगणं सर्वांत सोपं, पण जपून. एडिटर त्या कॉमेंटवर आंधळा विश्वास ठेवतो. उद्या कोणी कंटेनरमधला क्लास बदलला तरी कॉमेंट जुनंच सांगत राहते, आणि तुम्ही नसलेल्या मेथड लिहीत जाता. त्यापेक्षा 'असर्ट' आणि 'इन्स्टन्सऑफ' एकत्र वापरा: एडिटरलाही टाइप कळतो आणि डेव्हलपमेंटला असर्शन चालू असतील तर चूक तिथेच पकडली जाते.

लाराव्हेलच्या फसाडचंही (कंटेनरमधल्या ऑब्जेक्टला स्टॅटिक मेथडसारखी हाक मारू देणाऱ्या क्लासचं) असंच आहे, कारण त्यांच्या मेथड मॅजिकने चालतात, क्लासमध्ये लिहिलेल्या नसतात. तिथे 'लाराव्हेल आयडीई हेल्पर' हे पॅकेज फक्त डेव्हलपमेंटसाठी टाकतात. ते मदतीच्या फाइली तयार करून देतं, मेटा फाइलसुद्धा.

एवढं करूनही यादी रिकामी असेल तर व्हेंडर फोल्डर, म्हणजे कंपोझर बाहेरची पॅकेजेस आणून ठेवतो ते, कुठे आहे ते बघा. डॉकरमध्ये कंपोझर चालवलं आणि व्हेंडर वेगळ्या व्हॉल्यूममध्ये राहिलं, तर तुमच्या लॅपटॉपवर फ्रेमवर्कच्या फाइली नसतातच. एडिटर काय वाचणार? जुलैत गाड्या बंद पडल्या की बदलापूर-विरारची मंडळी घरून रिमोट-एसएसएचने काम करतात. तेव्हा पीएचपीचं एक्स्टेन्शन पलीकडच्या मशीनवर टाकावं लागतं, फक्त घरच्या लॅपटॉपवर असून चालत नाही. जावात डॅगर हे डिपेंडन्सी इंजेक्शनचं टूल वापरणाऱ्यांना वेगळंच दिसतं: त्याचे क्लास बिल्ड करतानाच तयार होतात, म्हणून आधी एकदा बिल्ड करा.

मी या विषयावर एवढा वेळ घालवते, कारण नव्या मुलामुलींना, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना, इंग्रजी मीटिंगमध्ये पुन्हापुन्हा विचारायचा संकोच वाटतो. सजेशन नीट चालू असेल तर अनोळखी कोड स्वतः चाळता येतो: या सर्व्हिसला काय काय येतं, ती कुणाकुणाला हाक मारते. मग प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा तो नेमका असतो.

मेटा फाइल हाताने लिहिली असेल तर लीडला विचारून गिटमध्ये घाला. हेल्परने तयार केलेल्या फाइली मात्र गिटमध्ये नकोत. त्या कंपोझरच्या पोस्ट-अपडेट कमांडला जोडा, म्हणजे पॅकेज अपडेट झालं की आपोआप नव्या होतील.