पेणच्या कारखान्यात शिकलेला एअरब्रश

पेणच्या एका गणपती कारखान्यात मी पहिल्यांदा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन, हातात धरली ती आषाढात. बाहेर धो धो पाऊस, आत फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. मला मात्र दिला रद्दीचा गठ्ठा. "आठ दिवस नुसते ठिपके आणि रेघा," रंगकाम बघणारे दादा म्हणाले. चौथ्या दिवशी कंटाळून मी एका मूर्तीच्या सोंडेला शेडिंग द्यायला गेलो आणि गालावर वाटाण्याएवढा विटकरी डाग पडला. दादांनी मूर्ती फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली, बोलले काहीच नाहीत.

डाग का पडला, ते कळलं की निम्मं काम आलं. डबल अ‍ॅक्शन गनचा खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. नवखा माणूस रेघ संपली की बोट एकदम उचलतो. मग हवा तुटते, नोझलच्या तोंडाशी रंग साचतो आणि पुढच्या दाबाला गन तोच थुंकते. म्हणून आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, हवा शेवटी. आणि या सगळ्यात हात सतत हलता ठेवायचा.

पावसाळ्यात दुसरा शत्रू पाणी. दमट हवा गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की टाकीत पाणी जमतं, आणि ते नेमकं तयार शेडिंगवर टपकतं. हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावाच, रोज संध्याकाळी टाकीतलं पाणीही काढा. शाडूच्या मूर्तीवर तर रंगही ओला मारायचा नाही. माती पाणी पिते, मऊ पडते. हलके थर द्या, मध्ये प्रत्येक थर सुकू द्या.

सुरुवातीला 0.3 मिमी नोझलची, वर रंगाचा कप असलेली गन पुरे. रंग दुधाइतका पातळ, दाब 20 ते 25 पीएसआय. रंग बदलताना धुणं टाळलंत तर नोझलमधली सुई चिकटलीच समजा. डोळ्यांची आखणी मात्र आमच्याकडे ब्रशनेच व्हायची, आणि आखणीवाल्याचा मान वेगळाच!

गणपती झाले की काम शोधावं लागतं. हेल्मेट, बाइकच्या टाक्या, दुकानांच्या भिंती, केक. केकसाठी गन वेगळीच ठेवा आणि खाण्याचाच रंग वापरा. पॉलिकार्बोनेटच्या हेल्मेटवर थिनरचा रंग नको, कवच कमजोर होतं. टाकीवर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळलेला वरचा पारदर्शक थर, मारताना साधा कापडी मास्क कामाचा नाही, रासायनिक वाफा अडवणारा रेस्पिरेटरच लागतो.

दर सांगताना माझ्यासारखं फसू नका. पहिल्या टाकीवर मी फक्त चित्राचे चार तास धरले. घासणं, प्रायमर, मास्किंग टेप, क्लिअर, पॉलिश यांत अडीच दिवस गेले. टाकी मित्राची होती, त्यामुळे वर चहाही मीच पाजला.