रशियनमध्ये 'फेल झालो' म्हणताना या चुका टाळा

इंग्लिशमध्ये परीक्षा, धंदा, गाडीचे ब्रेक, सगळ्याला एकच 'फेल' चालतं. रशियनमध्ये नाही चालत, आणि आपली मंडळी नेमकी तिथेच आपटतात.

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे 'मला जमलं नाही' हे वाक्य. डोक्यात 'आय फेल्ड' असतं, म्हणून 'मी'पासून सुरुवात करून लोक 'या नि पलुचील्सा' बोलून मोकळे होतात, आणि समोरचा विचारतो, कुठल्या फोटोत? कारण ते वाक्य मी फोटोत नीट आलो नाही असं ऐकू येतं. बरोबर आहे 'उ मिन्या नि पलुचीलस', किंवा जरा फॉर्मल 'म्न्ये नि उदलोस'. यातलं 'म्न्ये' म्हणजे सरळ आपलं 'मला' हो! मराठीतून गेलात तर वाक्य आपोआप जुळतं, उगाच इंग्लिशचा वळसा कशाला.

ब्रेक मात्र 'अत्कझाली', म्हणजे नकार देतात.

परीक्षेत शाळेतली नापास खूण 'द्वोइका', कारण मार्क पाचपैकी आणि दोन म्हणजे गेलात. राहिलेला पेपर म्हणजे 'ख्वोस्त', शब्दशः शेपूट. त्याचं इंग्लिशमध्ये 'टेल' करू नका, 'बॅकलॉग' म्हणा. मुंबईच्या पोरांना केटी म्हटलं की लगेच कळेल.

आता म्हणी. 'प्येर्वी ब्लीन कोमम' म्हणजे पहिल्या पॅनकेकचा गोळा होतो, आपला पहिला डोसा तव्याला चिकटतो तसा. हे फक्त पहिल्या प्रयत्नाला आणि धीर द्यायला. तिसऱ्यांदा इंटरव्ह्यू गेलेल्याला म्हटलंत तर त्याला टोमणाच वाटेल.

'फुटक्या काठवटीपाशी बसणं' हे रशियन कवी पुश्किनच्या 1833 च्या सोनेरी माशाच्या गोष्टीतून आलंय. म्हातारीला घर, राजवाडा सगळं मिळतं, शेवटी समुद्राची मालकीण व्हायचा हट्ट धरते आणि पुन्हा तीच फुटकी काठवट. याला इंग्लिशमध्ये 'बॅक टू स्क्वेअर वन' लावतात, पण त्यात हाव कुठेय? मला तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं हेच जास्त जवळचं वाटतं.

'द्येला व श्ल्यापे', काम टोपीत, हे ऐकून काम बुडालं समजू नका. उलट फत्ते झालं, इंग्लिशमधलं 'इन द बॅग'.

आणि परीक्षेआधी कोणी 'नी पूखा नी पिरा' म्हटलं तर त्या शुभेच्छा आहेत, पण थँक्यू म्हणायचं नाही, अपशकुन मानतात. उत्तर 'क चोर्तू', म्हणजे सैतानाकडे जा, समोर प्रोफेसर असले तरी.